सुई जाते तिथून पाणी येतं

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या मार्चपासून पुढचे काही महिने, आमच्याकडे पीपीई किट, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा अंगभर पोशाख, नावालाच होते. जे अंगावर चढवून आम्ही वॉर्डात गेलो, त्यातलं बरंचसं आम्हीच जमवलेलं आणि शिवून घेतलेलं होतं. ते कसं केलं, त्यातलं काय टिकलं आणि काय फेकावं लागलं, हे मला लिहून ठेवायचं आहे. त्या दिवसांतल्या टाळ्या-थाळ्या सगळ्यांना आठवतात. शिवणीबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच ठरत होतं.

होळीच्या सुमारास आमच्या स्टोअरमध्ये थिएटरचे हिरवे कापडी गाऊन, थ्री-प्लाय मास्क, थोडे एन-९५ आणि वरच्या खणात एचआयव्ही किटची काही पाकिटं होती. या पाकिटात पातळ गाऊन, टोपी, शू कव्हर आणि साधा गॉगल असतो. गाऊन मागून बांधायचा आणि मान उघडीच राहते. एचआयव्ही पॉझिटिव्ह रुग्णाच्या ऑपरेशनसाठी ते पुरतं, पण खोकणाऱ्या रुग्णाजवळ सहा तास काढायला ते केलेलंच नाही. तरी देशातल्या कितीतरी हॉस्पिटलांनी पहिले आठवडे त्यावरच काढले. जागतिक आरोग्य संघटनेने ३ मार्चलाच सांगितलं होतं, की साथ सुरू झाल्यापासून मास्क सहापट, एन-९५ तिप्पट आणि गाऊन दुप्पट महागले आहेत. आमच्या डीलरकडे तर भावाचा प्रश्नच उरला नव्हता, कारण माल दिल्लीहून सुटतच नव्हता. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि त्याने फोन उचलणंही बंद केलं.

पहिला पर्याय रेनकोटचा निघाला. तो काही आमचाच शोध नव्हता. कोलकात्याला डॉक्टरांना रेनकोट दिल्याच्या बातम्या मार्चअखेरीस आल्याच होत्या. आमच्या व्यवस्थापनाने एका दुकानदाराला शटर अर्धं उघडायला लावून होते तेवढे रेनकोट उचलले. ते घालून पहिल्या मुली वॉर्डात गेल्या आणि बाहेर आल्या, तेव्हा मी प्रत्येकीचा कोट टेबलावर पसरून पाहिला. रेनकोट वरून पडणाऱ्या पावसासाठी शिवलेला असतो. त्याची बटणपट्टी छातीवर असते आणि रुग्णावर वाकल्यावर नेमका तोच भाग चादरीला घासतो. बगलेत हवा खेळावी म्हणून भोकं ठेवलेली असतात. टोपी सैल असते, मान वळवली की ती डोळ्यांवर येते, आणि मग माणूस नकळत हात वर नेऊन ती सारतो. तोच हात दूषित असतो. एक टक्का हायपोक्लोराइट या जंतुनाशकात बुडवून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतो हा त्याचा एकच मोठा गुण. भोकं आतून चिकटपट्टीने बंद केली, कोट उलटा, म्हणजे उघडी बाजू पाठीकडे करून घातला आणि समोर प्लास्टिकचा एप्रन बांधला, तर साध्या कामापुरता तो चालला. पण एप्रिल लागला तसा ग्वाल्हेरचा उन्हाळा सुरू झाला. हवा एका खोलीतून दुसरीकडे जाऊ नये म्हणून सेंट्रल एसी बंद होता. आमची एक मुलगी नाइटहून बाहेर आली आणि कोट काढता काढता खाली बसली. तिच्या बाहीतून घाम अक्षरशः ओतला. त्या दिवशी मी ठरवलं की दुसरं काहीतरी पाहायला हवं.

आमच्या थिएटरचे गाऊन आणि चादरी वर्षानुवर्षं शिवणारे एक मास्टरजी आहेत. शाळांचे गणवेश आणि बँडवाल्यांचे कोटही तेच शिवतात. त्यांना फोन केला. कापडाची चौकशी करता करता कळलं, की साड्यांच्या दुकानांतून मिळतात त्या चकचकीत पिशव्यांचं लॅमिनेटेड नॉन-वोवन, म्हणजे न विणलेलं, कापड शहरातल्या एका पिशवीवाल्याकडे गुंडाळ्यांनी पडून आहे. एका बाजूला नॉन-वोवन आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर. टाळेबंदीतला पास काढून कापड आणवलं आणि मास्टरजींनी घरच्या घरी पहिला कव्हरऑल, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा एकसंध पोशाख, शिवला. कमरेपासून मानेपर्यंत चेन, डोक्याला टोपी, मनगटाला इलास्टिक. दिसायला अगदी बातम्यांतल्यासारखा. सगळे खूश झाले. मास्टरजी मात्र खूश नव्हते. त्यांनी बाहीची शिवण उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "दीदी, कपड़ा तो पानी रोक लेगा। सुई जहाँ गई है, पानी वहीं से आएगा।"

शिवणीवर ओळीने बारीक भोकं होती आणि त्यातून उजेड येत होता.

कारखान्यात या शिवणीवर आतून सीम सीलिंग टेप बसवतात. गरम हवेच्या मशीनखाली ती टेप वितळून भोकं बुजवते. त्या वेळी देशभर कापडापेक्षाही या टेपचा तुटवडा होता. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने तर टेपला पर्याय म्हणून पाणबुड्यांत वापरायच्या सीलंटवरून एक खास सीलंट तयार करवून घेतला होता. आमच्याकडे ना टेप, ना मशीन. साधी सेलोटेप घामाने अर्ध्या तासात सुटायची. कोणीतरी मायक्रोपोर ही ड्रेसिंगची चिकटपट्टी लावू म्हणालं. पण मायक्रोपोर जखमेला हवा लागावी म्हणूनच सच्छिद्र केलेलं असतं, तिथे ते लावून उपयोग शून्य.

मग मास्टरजींच्या शेजाऱ्याचं मशीन कामाला आलं. त्यांचा गजकचा, म्हणजे तीळ-गुळाच्या मिठाईचा, धंदा आहे. गजक थंडीची, त्यामुळे पाकिटांना सील मारायचं त्यांचं हातमशीन एप्रिलमध्ये कोपऱ्यात पडून होतं. मास्टरजींनी आधी नेहमीसारखी शिवण घातली. मग त्याच कापडाची दोन बोटं रुंद पट्टी कापून, तिची प्लास्टिकची बाजू शिवणीच्या प्लास्टिकच्या बाजूवर ठेवून मशीनने दाबली. प्लास्टिकला प्लास्टिक चिकटलं. नुसत्या सीलवर भागलं नसतं, कारण उकिडवं बसलं की ते फाटतं. म्हणून ताण घ्यायला दोरा आणि भोकं बुजवायला पट्टी. सरळ शिवणींवर हे झकास बसलं. बगलेच्या गोलाईत मात्र मशीनचा सरळ जबडा बसेना. तिथे मास्टरजींनी पॅटर्नच बदललं आणि बाही वेगळी न जोडता अंगाच्या कापडातूनच कापली, जुन्या बाराबंदीसारखी. बगलेतली गोल शिवणच गेली. त्या माणसाच्या हातातली अक्कल मी तेव्हा समोर बसून पाहिली आणि तिची नोंद कुठेतरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आता हे खरंच अडवतं का, हे कसं कळणार? आमच्याच शहरात झाशी रोडवर डीआरडीई आहे. स्वातंत्र्याच्या वर्षी जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी म्हणून सुरू झालेली ही संस्था आज संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे आणि रासायनिक-जैविक हल्ल्यापासून वाचवणारे पोशाख हा तिचा विषय. पीपीईचं कापड तपासणाऱ्या देशातल्या पहिल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक कोइम्बतूरची सिट्रा ही वस्त्र संशोधन संस्था आणि एक आमची डीआरडीई. पण ते काम कारखान्यांच्या मालाच्या बॅचेसचं होतं. एका मास्टरजींनी घरात शिवलेले चार कपडे तिथे नेण्याची सोय नव्हती आणि देशभरचा माल रांगेत असताना ती मागणंही बरोबर नव्हतं.

माझे धाकटे दीर शाळेत फिजिक्स शिकवतात. त्यांना मी सरकारी सूचनांचा कागद दाखवला. २४ मार्चच्या त्या सूचनांत कव्हरऑलसाठी आयएसओ १६६०३ ही चाचणी, वर्ग ३, असं लिहिलेलं होतं. कृत्रिम रक्त ३.५ किलोपास्कल दाबाने कापडावर ढकलायचं आणि ते पलीकडे येतं का पाहायचं. भाऊजींनी वहीत हिशेब केला आणि म्हणाले, "वहिनी, एवढा दाब म्हणजे साधारण ३६ सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ. नळाच्या पाइपचा तुकडा पुरेल." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी मला एरवी सुचली नसती. नुसत्या पाण्याने तपासू नका. पाण्याचा पृष्ठताण जास्त असतो, ते थेंब धरून राहतं. रक्त त्याहून सहज पसरतं आणि भोकात शिरतं, म्हणून चाचणीतल्या कृत्रिम रक्ताचा पृष्ठताणही मुद्दाम कमी ठेवलेला असतो. तेव्हा पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब टाका.

आम्ही पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, त्याच्या खालच्या तोंडावर कापड ताणून क्लॅम्पने आवळलं, लाल शाई आणि लिक्विड घातलेलं पाणी खुणेपर्यंत भरलं आणि खाली पांढरा टिश्यू धरला. घड्याळ लावून पाच मिनिटं. नुसत्या कापडाखाली टिश्यू कोरडा राहिला. नुसत्या शिवणीखाली मिनिटभरात लाल ठिपक्यांची रांग उमटली, टाक्याला टाका जुळेल अशी. पट्टी मारलेल्या शिवणीखाली बहुतेक तुकडे कोरडे राहिले, आणि जे भिजले तिथे मशीन जास्त तापून प्लास्टिक जळालं होतं. मास्टरजींनी मशीनचा काटा खाली आणला. त्यानंतर दर गुंडाळीतला एक कपडा मी असा तपासायचे. साधी शॉपिंगची न चकाकणारी नॉन-वोवन पिशवी तर पाण्याच्या वजनानेच गळायला लागली. त्याच कापडाचे गाऊन शहरात पीपीई म्हणून विकले जात होते. हे पाहून जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

ही घरगुती चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही. नापास काय ते ती सांगते. पास झालेलं निर्धोक आहे, असं ती सांगत नाही. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं होतं.

फेस शील्डचं काम त्या मानाने सोपं होतं. ओएचपीची (प्रोजेक्टरवर ठेवतात ती) पारदर्शक शीट, कपाळाला फोमची पट्टी, मागे इलास्टिक. देशभर कॉलेजची पोरं, छोटे कारखानदार, हौशी लोक हेच करत होते. दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. फोम आणि शीट यांच्या मध्ये वरून फट राहिली, तर उभ्या माणसाने खोकल्यावर उडालेलं बसलेल्या सिस्टरच्या डोळ्यात जातं, म्हणून कपाळ वरून बंद हवं. आणि फोम घाम व थेंब शोषतो, तो पुसून निर्जंतुक होत नाही. शीट पुसून पुन्हा वापरायची आणि फोम रोज बदलायचा. चष्मा-गॉगलवर धुकं धरू नये म्हणून मास्कच्या वरच्या कडेवर टेपची पट्टी आणि काचेला आतून साबणाचा पातळ हात, एवढं पुरे झालं.

मास्कच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. महिला मंडळाच्या बायकांनी प्रेमाने सुती मास्क शिवून पाठवले होते, सुंदर तीनपदरी. ते मी रुग्णांच्या नातेवाइकांना आणि बाहेरच्या गेटवर दिले. वॉर्डात नाही. हनोईच्या हॉस्पिटलांत आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. कापडी मास्क लावणाऱ्यांना मेडिकल मास्क लावणाऱ्यांपेक्षा जास्त संसर्ग झाला होता, आणि त्या कापडातून सुमारे ९७ टक्के कण पार होत होते. गाऊन शिवता येतो, एन-९५ शिवता येत नाही. त्याच्या आतला थर विद्युतभारावर कण धरतो. तो साबणाने धुतला किंवा स्पिरिट मारलं की मास्क दिसतो तसाच आणि उरतो नुसता कागद. म्हणून प्रत्येकीला तिच्या नावाच्या कागदी पिशव्या दिल्या, मास्क आळीपाळीने वापरायचे, मधले दिवस पिशवीत कोरडे राहू द्यायचे. प्लास्टिकची पिशवी नाही, त्यात ओल राहते.

आता काढण्याबद्दल. किट घालताना माणूस ताजा असतो, कोणीतरी मदतीला असतं. काढताना तो सहा तास तहानलेला, लघवी अडवून धरलेला, कपाळावर गॉगलचा वळ उमटलेला असतो. मुलींच्या पाळीचे दिवस असले तर आणखी हाल. एकदा किट काढलं की ते वाया जाणार, म्हणून पोरी ड्यूटीआधी पाणीच प्यायच्या नाहीत. हे असं असताना त्याच वेळी सगळ्यात सावध राहायला सांगायचं. आणि घरी शिवलेला कव्हरऑल कारखान्याच्या किटपेक्षा ताठ, तो अंगावरून आतली बाजू बाहेर करत गुंडाळायला अवघड.

धुळवडीचा गुलाल घरी उरला होता. तो पाण्यात कालवून मी किटच्या छातीवर, पोटावर, बाह्यांवर आणि हातमोज्यांवर फासला आणि मुलींना म्हटलं, आता काढा. स्वच्छ कपड्यांवर जिथे गुलाबी दिसेल, तिथे विषाणू लागला असं समजा. पहिल्या फेरीत बहुतेकींच्या मानेवर, उजव्या कानामागे आणि चेन ओढताना हनुवटीखाली रंग होता. एकीच्या ओठाच्या कोपऱ्यावर. ती रडायलाच लागली, कारण तिला घरी तान्हं बाळ होतं. त्यावरून बदल झाले. चेनच्या टोकाला हातभर नाडी बांधली, म्हणजे बोटं गळ्यापाशी जात नाहीत. पायांचा घेर वाढवला, म्हणजे बूट न काढता तो निघतो. काढायच्या खोलीत आरसा लावला आणि भिंतीवर क्रम मोठ्या अक्षरांत लिहिला. आणि एकटीने काढायचं नाही, समोर दुसरी उभी राहून एकेक पायरी म्हणणार, हा नियम केला. रंग दिसेनासा होईपर्यंत सराव. मला विचाराल तर आमच्या सगळ्या खटाटोपात या सरावाने जितकं वाचवलं तितकं कापडाने नाही.

यानंतर वाद झाला तो चिठ्ठीवरून. मास्टरजींच्या प्रत्येक कव्हरऑलच्या आत मी एक चिठ्ठी लावायचे: हा प्रमाणित नाही, शिवण घरी बंद केली आहे, घशात नळी घालणं, सक्शन, नेब्युलायझर अशा थेंब हवेत उडवणाऱ्या कामांसाठी वापरू नये. खरे किट जे काही होते ते फक्त त्या कामांना. व्यवस्थापनातल्या एका साहेबांना चिठ्ठ्या आवडल्या नाहीत. स्टाफ घाबरेल, ड्यूटीला येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ज्याला आपल्या अंगावर काय आहे ते माहीत आहे तो अंतर राखून काम करतो. ज्याला खोटा भरवसा दिला तो जवळ जातो. माझ्या मुली त्या चिठ्ठ्या वाचून घाबरल्या नाहीत. त्या ड्यूटीवर येत राहिल्या, आणि सक्शन करायची वेळ आली की आधी खरं किट मागू लागल्या. तेवढंच मला हवं होतं.

घाबरायला हवं होतं ते आमच्या सफाईच्या माणसांसाठी. डॉक्टरांना खरं किट, सिस्टरांना शिवलेलं, आयाबाई आणि वॉर्डबॉयना रेनकोट, आणि सफाई कामगाराला एक थ्री-प्लाय मास्क, अशी उतरंड आपोआप लागली होती. कोणी ती लिहून काढलेली नव्हती, तरी सगळे ती पाळत होते. आणि रुग्णाच्या उलटीची बादली, वापरलेल्या किटांच्या पिवळ्या पिशव्या, फरशीवरचं सगळं त्याच्या वाट्याला. त्याचे हातमोजे तर मनगटावर फाटलेले असायचे. मी त्यांच्यासाठी जाड रबरी मोजे, गमबूट आणि पट्टी मारलेले कव्हरऑल काढून ठेवले आणि गुलालाचा सराव त्यांच्याकडूनही करून घेतला. ते तो सगळ्यात लवकर शिकले.

मेच्या मध्यापर्यंत देशात रोज दोन लाख किट बनायला लागल्याचं जाहीर झालं. काही महिन्यांपूर्वी हा आकडा जवळजवळ शून्य होता. आमच्यापर्यंत ते पोचायला आणखी वेळ गेला. पहिली खोकी आली तेव्हा मी पाइप काढला. एका खोक्यातल्या किटची शिवण कोरडी राहिली, आत कारखान्याचं नाव आणि चाचणीचा कोड छापलेला होता. दुसऱ्यातल्या कपड्यावर कोड नव्हता आणि बगलेतली टेप नखाने सुटत होती. ते खोकं परत पाठवलं. मास्टरजींचे पैसे थकले होते, ते हिशेब करून आधी चुकते करायला लावले. आणि चांगल्या खोक्यातले किट वाटायचे ठरले, तेव्हा कोणत्या कामाला कोणतं किट याचा कागद मी आधी लिहून सही घेतली: ज्याचं काम रुग्णाच्या स्रावाशी, त्याला पहिलं, मग तो डॉक्टर असो, सिस्टर असो की सफाईवाला. साहेबांनी दोनदा विचारलं, हे लेखी कशाला हवं. मी म्हटलं, लेखीच हवं. तो कागद थिएटरच्या फळ्यावर लागला आणि त्याच दिवसापासून वाटप त्याप्रमाणे सुरू झालं.